पाण्याच्या फेरीतले भागीदार

मी चावी आहे, पण कुलपाची नाही. मला दात नाहीत, मी जुडग्यात मावत नाही आणि कुणी मला कमरेला खोचत नाही. साडेतीन फूट उंचीचा लोखंडी दांडा, वर आडवी मूठ, खाली चौकोनी खोबण, एवढंच माझं अंग. जमिनीखालच्या नळावर व्हॉल्व्ह असतो. त्याच्या डोक्यावर माझी खोबण बसवून मूठ फिरवली की पाणी सुटतं, उलटी फिरवली की थांबतं. काशीगावात गावंडांच्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं ऑफिस आहे, तिथे दाराच्या मागे, छत्र्यांच्या शेजारी मी उभी असते. मी बोलतेय याचं नवल वाटून घेऊ नका. बादल्या भरेपर्यंत माणसं जे बोलतात ते सत्तावीस वर्षं ऐकलं, की लोखंडालाही थोडंफार बोलता येतं.

माझा जन्म भाईंदरच्या एका वेल्डिंगच्या दुकानात झाला. गावंडांच्या पहिल्या चाळीचा स्लॅब भरून झाल्यावर एक जाड सळई उरली होती. हरेश्वर गावंड ती खांद्यावर टाकून रिक्षावाल्याशी हुज्जत घालत दुकानात आले आणि म्हणाले, "पाण्याची चावी कर. मला वाकायला लागू नये इतकी उंच." वेल्डरने मापात घोळ केला आणि मी अर्धा फूट आखूड निघाले. हरेश्वरांनी मला हातात धरून पाहिलं, कंबर थोडी वाकवली आणि म्हणाले, "जाऊ दे. भाडोत्र्यांपुढे जरा वाकलं तर काय बिघडतंय." तेव्हापासून मला जो कुणी हातात घेतो, तो वाकतोच.

गावंड मूळचे मिठागरातले. हरेश्वरांचे वडील उघाडीवर, म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायच्या दारावर असायचे. भरतीला उघाडीची फळी वर उचलून किती पाणी आत घ्यायचं, कोणत्या वाफ्याला आधी द्यायचं, कोणत्याला मागून, हे ते नुसतं बोट बुडवून ठरवायचे म्हणे. पुढे मिठाचं काम सुटलं. हायवेच्या बाजूला थोडी भातशेती होती, तिच्याभोवती वस्ती वाढत गेली, आणि एके वर्षी भात पेरण्याऐवजी दोघा भावांनी दहा खोल्या बांधल्या. मग तीन चाळी झाल्या आणि समोर गाळ्यांची एक रांग उभी राहिली. ‘गावंड बंधू’ असा बोर्ड लागला. धाकटे रघू कागदपत्रं बघायचे, महापालिकेत खेटे घालायचे. थोरले हरेश्वर पाणी बघायचे.

पाणी बघणं हे काम ऐकायला लहान वाटतं. मोठी टाकी एक आणि व्हॉल्व्ह चार, तीन चाळींचे तीन आणि गाळ्यांचा एक. रोज सकाळी सहाला टाकीतलं पाणी चौघांना वाटून द्यायचं. कुणीही सांगितलं असतं की याला महिन्याच्या पगारावर एक माणूस ठेवा. रघूंनी तर वर्षातून दोनदा सांगितलंच. पण हरेश्वरांनी ऐकलं नाही. ते स्वतः मला खांद्यावर घ्यायचे आणि पहिल्या चाळीपासून फेरीला निघायचे. याला घरात ‘पाण्याची फेरी’ म्हणत.

आता माणसांची एक गंमत सांगते. ऑफिसमध्ये येऊन तक्रार करायची तर माणूस कपडे बदलून येतो, शब्द जुळवून येतो आणि अर्धं बोलायचं विसरून जातो. पण हातात रिकामी बादली असली आणि मालक समोर चेंबरचं झाकण उचलत असला, की तो सगळं बोलतो. कुणाचा संडास तुंबलाय, कुणाची मुलगी दहावीला बसलीय, कुणाच्या नवऱ्याची नोकरी गेलीय म्हणून या महिन्यात तोंड चुकवतोय, हे सगळं हरेश्वरांना माझ्या मुठीवर हात ठेवूनच कळायचं. ते फार बोलत नसत. "बघतो," एवढंच म्हणायचे, आणि बघायचे.

त्यांची आणखी एक सवय होती. पाणी सोडलं की ते वाकून माझ्या मुठीला कान लावायचे. पाण्याचा आवाज दांड्यातून वर चढतो. लाइन भरून वाहतेय की हवा अडकलीय, शेवटच्या नळापर्यंत पोचलं की नाही, पिंपं भरत आलीत का, गाळ्यांच्या टाक्या भरून त्यांचे बॉल कॉक आपोआप मिटलेत का, हे त्यांना ऐकू यायचं. घड्याळ हातात होतं, पण फेरीत ते बघताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.

गेल्या वर्षी होळीच्या आठ दिवस आधी हरेश्वर सकाळची फेरी करून आले. मला पुसून दाराआड उभं केलं. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत.

पहिले तेरा दिवस रघू फेरीला गेले. त्यांनी पहिल्या चाळीचं पाणी बंद करायचं विसरून गाळ्यांचं सोडलं, गाळ्यांचं बंद करून पुन्हा पहिलीचंच सोडलं. चौदाव्या दिवशी सकाळी पावणेसहाला इंदुबाई दाराआड आल्या, त्यांनी मला हातात घेतलं आणि बाहेर पडल्या. इंदुबाई म्हणजे हरेश्वरांची बायको. इतकी वर्षं त्यांनी मला कधी हात लावला नव्हता, पण कुठलं झाकण कुठे आहे, हे त्यांना विचारावं लागलं नाही.

त्या दिवशी गल्लीत कुणी बोललं नाही. बायका बादल्या घेऊन भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. तिसऱ्या चाळीपाशी इंदुबाई वाकल्या आणि माझ्या मुठीला त्यांनी कान लावला. त्या बराच वेळ तशाच राहिल्या. पाणी केव्हाच थांबलं होतं.

ही शांतता आठ दिवस चालली. नवव्या दिवशी तिसऱ्या चाळीतली हंसाबेन, जी डबे करून विकते, ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "इंदुताई, तुमचं दुःख आम्हाला समजतं. पण पाच मिनिटं पाणी कमी आलंय. माझी डाळ काय आसवांनी शिजवू?" गल्ली दचकली. इंदुबाईंनी मान हलवली, झाकण पुन्हा उचललं आणि आणखी पाच मिनिटं पाणी सोडलं. घरी आल्यावर त्यांनी चहा करून घेतला आणि कप पूर्ण संपवला. त्या घरात तेवढे दिवस कप अर्धेच राहत होते, हे मी दाराआडून बघत होते.

पण चाळींचं आयुष्य माझ्याइतकं चिवट नव्हतं. खाऱ्या हवेनं स्लॅबच्या सळया फुगल्या. यंदाच्या पावसाळ्यात दुसऱ्या चाळीच्या गॅलरीतून सिमेंटचा मोठा पापुद्रा खाली पडला. खाली कुणी नव्हतं, फक्त एक सायकल होती. पंधरा दिवसांत महापालिकेची नोटीस आली की इमारत धोकादायक आहे. आता डागडुजीनं भागणार नव्हतं, पाडून नव्यानं बांधावं लागणार होतं. आणि ते एकट्या गावंडांच्या आवाक्यातलं नव्हतं.

तेव्हा निकेतने हितेशभाईंना आणलं. निकेत हा इंदुबाईंचा मुलगा, बोरिवलीला बँकेत आहे. सकाळी उशिरा उठतो, धावत निघतो, पण मनाने सरळ आहे. हितेशभाई भाईंदरचे. त्यांच्या वडिलांपासून बांधकामाचा धंदा. मीरा रोडच्या पूनम सागर वसाहतीत त्यांच्या दोन इमारती आहेत, आणि ते स्वतः त्यातल्याच एकीत राहतात. निकेतने ही गोष्ट तीनदा सांगितली. स्वतः बांधलेल्या इमारतीत राहणारा बिल्डर त्याला बराच विश्वासाचा वाटला असावा.

हितेशभाईंचं म्हणणं असं होतं की जागा तुमची, बांधणी आमची, आणि ‘गावंड बंधू’मध्ये आम्हाला निम्म्याचे भागीदार करून घ्या. भाडोत्र्यांना नव्या इमारतीत घरं मिळतील, गाळेवाल्यांना दुकानं. त्यांनी टेबलावर नकाशा पसरला. निकेत मोठ्या कौतुकाने आईला दाखवू लागला, "हे बघ, इथे टाकी, इथे पंप. सगळं सेन्सरवर. सकाळी कुणाला उठायलाच नको."

खरं सांगते, तेव्हापासून मला ही माणसं नको होती. जिथे कुणाला उठायला नको, तिथे माझं काय काम?

रघूंनाही ती नको होती, पण त्यांची कारणं वेगळी होती. हितेशभाई गेल्यावर ते इंदुबाईंना म्हणाले, "वैनी, मना न्हाय पटत. आपल्या मामाच्या पोरानं काय केलं ठाव हाय ना? घेतला बाहेरचा पार्टनर. आता इमारतीला नाव त्या पार्टनरच्या आयचं, आन आपली मामी सातव्या माळ्यावर लिफ्टला घाबरून बसलीय, सनासुदीला पन खाली उतरत न्हाय."

निकेत म्हणाला, "काका, मग दुसरी चाळ कोणाच्या डोक्यावर पडायची वाट बघायची का?"

दोघंही खरं बोलत होते, म्हणूनच इंदुबाईंना झोप लागेना. नाही म्हटलं तर छपराखालची माणसं धोक्यात, हो म्हटलं तर नवऱ्यानं हाताने जपलेली माणसं परक्याच्या हातात. वकिलांनी कागद वाचून सांगितलं की कागदात खोट नाही. इंदुबाई म्हणाल्या, "कागदाचं मी विचारलंच नव्हतं."

पुढच्या रविवारी हितेशभाई उत्तर ऐकायला आले. बरोबर त्यांची मुलगी कृतिका होती, इंजिनिअर, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची. इंदुबाईंनी सगळ्यांना चहा दिला आणि सांगितलं, "महिनाभर पाणी सोडा. मग बोलू."

निकेतला वाटलं, आईला नीट कळलेलं नाही. तो हळूच म्हणाला, "आई, ते डेव्हलपर आहेत."

"असू देत. हे पाणी सोडायचे, तोच यांचा धंदा होता. ज्याला धंद्यात यायचंय त्यानं तिथून यावं."

हितेशभाई हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी आपल्या गुडघ्यावर हात फिरवला. "बेन, माझं तर ऑपरेशन झालंय. वाकता येत नाय. दुसरं काय पण सांगा."

"पप्पा, मी येते ना," कृतिका म्हणाली. "आंटी, सहाला ना?"

रघूंनी चहाचा कप खाली ठेवला आणि छताकडे बघत म्हटलं, "चार दिस." ते कुणाला उद्देशून होतं, हे सगळ्यांना कळलं.

कृतिका दुसऱ्या दिवशी पावणेसहाला हजर झाली. पांढरे बूट, पाठीवर सॅक. स्कूटर तिने गाळ्यांपाशी लावली. पहिले दोन दिवस इंदुबाई बरोबर होत्या. कुठल्या झाकणाची कुठली बाजू आधी उचलायची, व्हॉल्व्ह किती वेढे फिरवायचा, हे त्यांनी दाखवलं. गाळ्यांचं पाणी बंद करताना त्या म्हणाल्या, "इथे जरा थांबायचं. दोन मिनिटं जास्त." का ते त्यांनी सांगितलं नाही. हरेश्वर थांबायचे म्हणून त्याही थांबायच्या.

तिसऱ्या दिवशी कृतिका एकटी आली आणि तिने एक चूक केली. तिने फोनवर गजर लावला. प्रत्येक लाइनला तीस मिनिटं, ना कमी ना जास्त. पहिल्या चाळीतली पिंपं भरून वाहिली आणि तिसऱ्या चाळीत, जी डोंगराच्या अंगाला चढावर आहे, तिथे पाणी धड पोचण्याआधीच वेळ संपला. हंसाबेन बादली घेऊन थेट तिच्यासमोर उभी राहिली.

कृतिका म्हणाली, "मी सगळ्यांना सेम टाइम दिलाय."

"मॅडम, घड़ी को प्यास लगती है क्या?" हंसाबेन म्हणाली. "आम्हाला लागते."

मागच्या बायका हसल्या. कृतिकाचे कान लाल झाले. मला वाटलं, आता ही मला इथेच टेकवून निघून जाणार, आणि खरं सांगायचं तर मला आनंद झाला. पण तिने टाकीवर चढून आत डोकावून पाहिलं, उरलं होतं तेवढं सगळं पाणी तिसऱ्या चाळीला सोडलं आणि ते पोचेपर्यंत तिथेच पायरीवर बसून राहिली. ऑफिसमध्ये आल्यावर तिने इंदुबाईंना स्वतःच सांगितलं की आज माझ्यामुळे तिसऱ्या चाळीला पाणी कमी पडलं. घड्याळाचं कारण दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी इंदुबाई पुन्हा तिच्याबरोबर निघाल्या. तिसऱ्या चाळीपाशी त्यांनी तिला वाकायला सांगितलं आणि तिचं डोकं धरून कान माझ्या मुठीला टेकवला. आधी नुसती गुरगुर, मग सूं, मग भरल्या गळ्यासारखा जाड आवाज. कृतिका डोळे मिटून ऐकत राहिली. मग तिने फोन सॅकमध्ये टाकला.

त्यानंतर ती मला आवडू लागली, हे मी कबूल करते. पांढरे बूट जाऊन रबरी सपाता आल्या. पहिल्या चाळीतल्या म्हातारबुवांची गुडघेदुखी, दुसऱ्या चाळीतला गॅलरीचा टेकू, हंसाबेनच्या डब्यातला दुधी, सगळं तिच्या कानावर पडू लागलं. हंसाबेन तिला "पाणीवाली इंजिनिअर" म्हणू लागली. नवी इमारत कशी होईल हे लोक तिला विचारायचे, आणि ती विटेने मातीवर रेघा मारून दाखवायची. एकदा तर रघूही बाजूला उभे राहून बघत होते. तिने रेघ चुकवली तेव्हा त्यांनी चपलेने ती पुसली आणि म्हणाले, "हितं नाला हाय." मग एकदम आठवल्यासारखे निघून गेले. चार दिवसांची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

महिना संपायला आठवडा उरला असताना ती सकाळ आली. गाळ्यांची लाइन चालू होती. गाळे नऊला उघडतात, सकाळी तिथे नुसत्या टाक्या भरतात. एकेक बॉल कॉक मिटला आणि आवाज थांबला. थांबायला हवा होता. कृतिका कान लावून होती. तिने भुवई उचलली, कान बदलून पुन्हा लावला. माझ्या दांड्यातून एक बारीक, दोऱ्यासारखा आवाज येतच होता. कुठेतरी पाणी जात होतं.

तिला वाटलं, पाइप फुटलाय. मला हातात घेऊन ती गाळ्यांच्या मागे गेली. शेवटच्या गाळ्याच्या पाठीला टेकून एक पत्र्याची खोली आहे, पुढे तुळशीचा डबा. दारात एक म्हातारी बारीक नळाखाली कळशी धरून बसली होती. ही चांदणीबाय. मिठागरात हरेश्वरांच्या आईबरोबर डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहणारी. मिठागर बंद झालं तेव्हा तिला जायला जागा नव्हती. हरेश्वरांनी ही खोली घालून दिली आणि म्हणाले, राहा. ना करार, ना भाडं, ना नंबर. दोन मिनिटं जास्तीचं पाणी एवढाच तिचा दाखला.

"तू कोन गो?" चांदणीबायने विचारलं.

"मी पाणीवाली."

चांदणीबायने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "पानीवाली ती हाय, जी तुझ्या हातात हाय. तू कोन?"

कृतिका हसली आणि उकिडवी बसली. त्या दोघी कळशी भरून वाहीपर्यंत बोलत होत्या. काय बोलल्या ते सगळं सांगत नाही. मिठाच्या पाटीखाली चुंबळ कशी घालायची, हे चांदणीबायने आपला पदर वळून तिला दाखवलं, एवढं मात्र आठवतं.

महिना पुरा झाला. रविवारी सगळे ऑफिसमध्ये जमले. हितेशभाई खुर्चीत पाय लांब करून बसले, रघू दाराजवळ, म्हणजे माझ्याच शेजारी. निकेतने यादी काढली. कुणाला नव्या इमारतीत कोणतं घर, कुणाला कोणतं दुकान, अशी सेहेचाळीस नावं तिच्यात होती. त्याने ती वाचायला सुरुवात केली आणि कृतिका म्हणाली, "एक मिनिट. लिस्टमध्ये सेहेचाळीस आहेत. पाणी सत्तेचाळीस जागी जातं."

निकेत म्हणाला, "नाही, बरोबर आहे. मी सगळे करार बघून बनवलीय."

"गाळ्यांच्या मागे चांदणीबाय राहतात. त्यांचा करार नाही. पण त्या आहेत ना?"

हितेशभाईंनी मुलीकडे पाहिलं, मग यादीकडे. इंदुबाई निकेतकडे बघत होत्या. आणि रघू, जे महिनाभर याच क्षणाची तयारी करत होते, ते दाराला पाठ लावून खाली बघत उभे राहिले.

मग तेच बोलले. "ही यादी मी पहिल्याच आठवड्यात बघितली व्हती. चांदणीबाय न्हाय, ते मना तवाच कळलं. मी मुद्दाम गप बसलो. म्हटलं, आज यांच्या तोंडावर टाकायचं, बघा, बाहेरची मानसं कशी कागदावर चालतात." ते थांबले. "मना वाटलं यादी यांच्या ऑफिसातली हाय. ती तर आपल्या पोरानं केलीय."

निकेतचा चेहरा उतरला. तो वाईट मुलगा नाही, हे मी आधीच सांगितलं. त्याने फाइलमध्ये होतं ते लिहिलं. फाइलमध्ये नसलेलं माणूस दिसण्यासाठी सकाळी सहाला गाळ्यांच्या मागे जावं लागतं, आणि तो कधी गेला नव्हता. त्याला कुणी पाठवलंही नव्हतं. हरेश्वरांना वाटायचं, पोराला झोपू दे, बँकेत दिवसभर राबतो.

हितेशभाईंनी खिशातून पेन काढलं, यादी ओढून घेतली आणि खाली सत्तेचाळीस आकडा टाकून मुलीला विचारलं, "पूरा नाम क्या है?" तिला माहीत नव्हतं. निकेतला माहीत नव्हतं. ते रघूंनी सांगितलं, आणि इंदुबाईंनी सुधारलं. "आणि खालच्या मजल्यावर," हितेशभाई लिहिता लिहिता म्हणाले, "एवढ्या वयाला जिना नको." रघूंनी मान वर केली. मला वाटतं, त्यांना आपली मामी आठवली असावी.

इंदुबाई म्हणाल्या, "भावोजी, तुमचं काय म्हणणं?"

रघू दारापासून पुढे आले. "बोर्ड बदलायचा न्हाय," ते म्हणाले.

"बोर्डला कोण हात लावतंय," हितेशभाई म्हणाले. "बंधू तर आम्ही पण आहोत."

"मग माझं काय म्हननं न्हाय."

अशा रीतीने गावंडांनी बाहेरचे भागीदार घेतले. मी दाराआड उभी राहून सगळं ऐकलं. त्या एका होकाराबरोबर माझं काम संपणार, हे मला कळत होतं. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण दुसऱ्या चाळीच्या गॅलरीखाली आता सायकलसुद्धा उभी राहणार नव्हती. त्यापुढे एका दांड्याचं वाईट वाटणं ते किती असणार?

निकेत कागद गोळा करू लागला. त्यात नव्या भागीदारीचा मसुदा होता आणि भागीदार म्हणून त्याचंही नाव होतं, वडिलांच्या जागी. इंदुबाईंनी तो कागद हातात घेतला, वाचला आणि बाजूला ठेवला.

"हे नाव महिन्याने घालू," त्या म्हणाल्या.

"का?" निकेतने विचारलं.

"बाहेरच्यांचा महिना झाला. आता घरातल्यांचा."

रघू हसले. हितेशभाईंनी सौजन्याने नकाशात डोकं घातलं. निकेतने आईकडे पाहिलं, ती थट्टा करत नव्हती. मग त्याने विचारलं, "सहाला ना?" आणि कृतिका म्हणाली, "पावणेसहा."

आज त्याचा बारावा दिवस आहे. दुसरी चाळ रिकामी झालीय, तिथली माणसं तात्पुरती मीरा रोडला भाड्याने राहायला गेलीत आणि रोज फोन करून तिथल्या नळाची तक्रार करतात. तिसऱ्या चाळीची पाळी दिवाळीनंतर. निकेत अजून मला उलट्या खांद्यावर घेतो, झाकण पायावर पाडून घेतो, पाणी सोडून फोन बघत उभा राहतो. हंसाबेन त्याला रोज काहीतरी ऐकवते. तो वाद घालत नाही. काल एकाने त्याला सांगितलं की मुलीला बारावीच्या चाचणीत चांगले मार्क पडलेत, आणि तो म्हणाला, "पुढे कुठे घालणार मग तिला?" आणि खरंच उत्तराची वाट बघत उभा राहिला. हरेश्वरांनीसुद्धा हेच विचारलं असतं. फक्त ते इतकं विचारायला सहा महिने लावायचे.

तुम्हाला एवढंच सांगायचं होतं. तुमच्या इमारतीत पंप असेल, बटण असेल, कदाचित तेही नसेल आणि पाणी आपोआप चढत असेल. चांगलंच आहे. फक्त कधीतरी सकाळी खाली उतरून बघा, ते कुणाकुणाकडे जातं. मी असेन नसेन. भंगारवाल्याकडे गेले तर पुन्हा सळई होईन, कुठल्यातरी स्लॅबमध्ये जाईन. तिथून काही ऐकू येत नसेल, पण माणसं वर चालतायत एवढं तरी कळेल.

निकेतने झाकण उचललंय. पहिल्यांदाच दोन्ही हातांनी, नीट. तो वाकतोय. मला आत जायला हवं.